वाचनालयासाठी लिनक्स की बीएसडी? पाच डेस्कटॉप, एक सर्व्हर आणि पावसाळ्यातली वीज

ग्रंथपेटी | सोमवार, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयाची संगणक यंत्रणा नव्याने बसवायची आहे. हातात असलेले सामान असे:

पाच डेस्कटॉप, इंटेल सहाव्या पिढीचे आय३, प्रत्येकी ८ जीबी रॅम. दोघांत एसएसडी, तिघांत ५०० जीबीची जुनी फिरती डिस्क. सर्व्हरसाठी एक टॉवर, १६ जीबी रॅम, २ टीबीच्या दोन डिस्क आणि एक लहान एसएसडी. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००, स्कॅनर लाइड ११०. शिवाय ४ जीबीचा एक जुना डेस्कटॉप पडून आहे.

विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि ११ या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी लागते. म्हणून युनिक्स घराण्यातली, म्हणजे लिनक्स किंवा बीएसडी यांतली, एखादी ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) घ्यायचे ठरले आहे. कामे तीन: पुस्तकांची नोंद आणि देवघेव, वाचकांसाठी शोधयादी, आणि कार्यालयाचे हिशेब, जे सध्या टॅलीवर आहेत. पुस्तके मुख्यतः मराठी, मग कोंकणी, इंग्रजी आणि एक कपाटभर पोर्तुगीज. संगणकाची माहिती असलेली एकच व्यक्ती, तीही फक्त शनिवारी येते.

डेबियन, उबुंटू, मिंट (तिन्ही लिनक्सचे प्रकार) आणि फ्रीबीएसडी ही नावे ऐकून आहोत. काय घ्यावे, आणि मुख्य म्हणजे का?

कुळागर | सोमवार, दुपारी १.०५

ओएस शेवटी ठरवा. आधी ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर ठरवा, ते कशावर चालते ते बघा, म्हणजे निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

अशा वाचनालयाला कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर योग्य. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली ते लिहायला घेतले, २००० च्या जानेवारीत पहिल्या ग्रंथालयात चालू झाले, आणि आजही मुक्त आहे. त्याची तयार पॅकेजे डेबियन आणि उबुंटूसाठीच निघतात. फेडोरावर, अल्मावर (लिनक्सचेच दुसरे प्रकार) किंवा फ्रीबीएसडीवर ते हाताने बसवता येईल, पण त्याच्यामागे पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लायब्ररींची मोठी रांग आहे. दर अपडेटला ती रांग पुन्हा जुळवायला शनिवारचा माणूस पुरणार नाही. म्हणून सर्व्हरवर डेबियन.

आता कुठले डेबियन? १२ जून २०२३ चे, १३ ऑगस्ट २०२५ चे. १३ ला पूर्ण मदत तीन वर्षे आणि त्यानंतर दीर्घ मदत जून २०३० पर्यंत. पण नवे आहे म्हणून डोळे मिटून १३ घालू नका. कोहाच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर ती कोणत्या डेबियनवर तपासली आहे याची यादी असते. त्या यादीत १३ असेल तर १३, नसेल तर १२.

बसवण्याचा क्रम: डेबियनचा नेटइन्स्ट (बाकीचे नेटवरून घेणारा छोटा इन्स्टॉलर) यूएसबीवर उतरवा. सॉफ्टवेअर निवडायच्या पडद्यावर डेस्कटॉपवरची खूण काढा; फक्त एसएसएच सर्व्हर आणि स्टँडर्ड युटिलिटीज ठेवा. मूळ सिस्टीम एसएसडीवर, ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमवर. २ टीबीच्या दोन डिस्कांचा एमडी रेड-१ (दोन्हीवर तीच प्रत ठेवणारी लिनक्सची सोय) करा, त्यावर डेटाबेस आणि स्कॅन. मग कोहाची रेपॉझिटरी व तिची चावी जोडून मारियाडीबी हा डेटाबेस आणि कोहा-कॉमन हे पॅकेज घ्या. अपाचे या वेब सर्व्हरचे रीराइट आणि सीजीआय मॉड्युल चालू करा, कोहा-क्रिएटला क्रिएट-डीबी हा पर्याय देऊन एक इन्स्टन्स (तुमच्या वाचनालयाची कोहाची मांडणी) बनवा, आणि कोहा-प्लॅक चालू करा. प्लॅक चालू नसेल तर प्रत्येक क्लिकला पर्ल नव्याने उठतो, पान उघडायला काही सेकंद लागतात आणि लोक सर्व्हरच कमजोर म्हणू लागतात.

फेरीबोट | सोमवार, सायंकाळी ७.४०

कुळागरबाब, कोहासाठी डेबियन हे मान्य. पण साठवणुकीच्या बाबतीत फ्रीबीएसडीचा विचार व्हायलाच हवा. ते दुय्यम म्हणून नव्हे; झेडएफएस ही फाइल सिस्टीम तिथे मूळ सिस्टीमचाच भाग आहे म्हणून.

एमडी रेड-१ मध्ये दोन प्रतींत फरक पडला तर कुठली बरोबर आणि कुठली बिघडलेली हे एमडीला कळत नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) वेगळा ठेवते, त्यामुळे बिघडलेली प्रत ओळखून चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करते. दुसरे, त्यात जुन्या जागेवर लिहिणे नाही: नवीन माहिती नव्या जागी लिहून मगच मुळाचा निर्देश बदलतो. वीज मध्येच गेली तरी फाइल सिस्टीम अर्धवट अवस्थेत सापडत नाही. शेवटचे काही सेकंद जातील, रचना शाबूत राहील.

डेबियनवरही झेडएफएस येते, कॉन्ट्रिब विभागातून. पण परवान्यांच्या अडचणीमुळे ते कर्नलबरोबर (सिस्टीमच्या गाभ्याबरोबर) तयार मिळत नाही. डीकेएमएस ही सोय तुमच्या यंत्रावर त्याचे मॉड्युल (कर्नलला जोडायचा भाग) बांधते. बॅकपोर्टमधला नवा कर्नल घेतला आणि मॉड्युल त्याच्याशी जुळले नाही तर रीबूटनंतर पूलच (झेडएफएसचा साठाच) दिसत नाही. शनिवारी एकदा येणाऱ्या माणसाने सोमवारी हे कसे निस्तरावे?

म्हणून माझी मांडणी अशी. मुख्य सर्व्हर डेबियन, ईएक्सटी४, साधा. पडून असलेल्या ४ जीबीच्या डेस्कटॉपमध्ये एक नवी डिस्क घाला आणि त्यावर फ्रीबीएसडी १४ बसवा, फक्त बॅकअपसाठी. १४ च्या शाखेला ३० नोव्हेंबर २०२८ पर्यंत मदत आहे. इन्स्टॉलरमध्ये ऑटो झेडएफएस निवडा, एकच डिस्क असल्याने स्ट्राइप, कॉम्प्रेशन आहे तसे राहू द्या. एकाच डिस्कवर झेडएफएस बिघाड दाखवून देईल, दुरुस्त करू शकणार नाही. जमल्यास दुसरी डिस्क घालून मिरर करा. ४ जीबी एवढ्या कामाला पुरते, पण एआरसीची (झेडएफएसच्या रॅममधल्या कॅशची) कमाल मर्यादा १ जीबीवर बांधा.

बॅकअप नेहमी बॅकअपच्या यंत्राने *ओढावा*, सर्व्हरने ढकलू नये. फ्रीबीएसडी रात्री एसएसएचवरून आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने कोहाच्या डेटाबेसचा डंप आणि स्कॅन घेऊन जाईल आणि लगेच स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) काढेल. सर्व्हरकडे बॅकअपच्या यंत्राची चावीच नसते, त्यामुळे सर्व्हरमध्ये कोणी घुसले तरी जुने स्नॅपशॉट पुसता येत नाहीत. रोजचे ३०, महिन्याचे १२ ठेवा. स्क्रब (सगळ्या ब्लॉकांची तपासणी) महिन्यातून एकदा.

फ्रीबीएसडीचे अपडेट करण्यापूर्वी बीई-सीटीएलने बूट एन्व्हायर्नमेंट काढून ठेवा. बिघडले तर बूटच्या मेनूतून कालची सिस्टीम निवडायची, एवढेच.

आमसोल | सोमवार, रात्री ९.३०

डेस्कटॉपबद्दल. पाचही यंत्रांवर लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. उबुंटू २४.०४ च्या पायावर आहे आणि २०२९ पर्यंत मदत मिळते. फ्रीबीएसडी डेस्कटॉपवर चालते, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीआरएम-केमॉड नावाने वेगळा बसतो आणि उपआवृत्ती बदलली की न जुळून काळा पडदा येऊ शकतो. शिवाय यूएसबी वायफायचा आधार तोकडा. सामान्य वाचकांच्या टेबलावर ते नको.

सर्वांत आधी त्या तीन फिरत्या डिस्का काढा. २४० जीबीची साधी साटा एसएसडी घाला. ८ जीबी रॅमला आज काहीच कमी पडत नाही, कमी पडते ती डिस्क. कुठलीही हलकी ओएस निवडून जेवढा फरक पडेल त्याहून कितीतरी जास्त या एका बदलाने पडतो.

बसवण्यापूर्वी आयएसओचा (उतरवलेल्या इन्स्टॉलरच्या फाइलचा) शा-२५६ हा पडताळणीचा आकडा जुळवून बघा, यूएसबीवरून लाइव्ह चालू करा आणि लाइव्हमध्येच आवाज, नेटवर्क आणि स्कॅनर तपासा. लाइड ११० ला सेन या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचा जेनेसिस बॅकएंड ओळखतो, सिंपल स्कॅन उघडले की दिसायला हवा.

प्रिंटरचे मात्र स्पष्ट सांगते: एलबीपी २९०० लिनक्सवर आणू नका. तो पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल बोलत नाही, कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो. तिचा लिनक्स ड्रायव्हर जुना, त्याला ३२-बिट लायब्ररी लागतात, सीसीपीडी नावाची सेवा मागे चालू ठेवावी लागते, आणि कप्स (छपाईची सेवा) अपडेट झाल्यावर छपाई थांबते. तो टॅलीच्या यंत्राला जोडलेला राहू द्या. बाकीच्यांसाठी नवा घ्याल तेव्हा खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेला नेटवर्क प्रिंटर बघा. त्याला ड्रायव्हरच लागत नाही.

टॅली विंडोजचीच आहे. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) चालवायच्या फंदात पडू नका. हिशेबाच्या बाबतीत "बहुधा चालते" हे उत्तर चालत नाही. एक विंडोज ११ चे यंत्र वेगळे ठेवा. दुसऱ्या टेबलावरून लागलीच तर मिंटच्या रेमिनातून आरडीपीने (विंडोजचा पडदा दुरून दाखवणारी सोय) उघडता येते, पण त्यासाठी त्या यंत्रावर विंडोजची प्रो आवृत्ती हवी, होम दुरून जोडू देत नाही.

वाचकांच्या दोन यंत्रांवर लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन चालू करा. बाहेर पडले की त्यातले सगळे पुसले जाते. फक्त शोधयादीसाठी ठेवलेल्या यंत्रावर फायरफॉक्स किऑस्क पर्यायाने सुरू करा.

ग्रंथपेटी | मंगळवार, सकाळी ९.५०

फार उपयोगी, आभार. दोन शंका. एका दुरुस्ती करणाऱ्याने सर्व्हरवर सेंटओएस ७ (आणखी एक लिनक्स) "सगळ्यांत स्थिर" म्हणून सुचवले आहे. आणि मराठी टायपिंगचे काय? काहींना इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कळरचना) येते, काहींना फक्त इंग्रजी अक्षरांतून.

कुळागर | मंगळवार, सकाळी १०.१५

सेंटओएस ७ ची मदत ३० जून २०२४ ला संपली. सुरक्षेचे अपडेट येत नसलेली सिस्टीम नेटवर्कवर ठेवायची नाही, मग ती कितीही स्थिर असो. त्या घराण्यातलेच हवे असेल तर अल्मा किंवा रॉकी. पण तिथेही एक मेख आहे: रॉकी १० ला एक्स८६-६४ ची तिसरी पातळी, म्हणजे एव्हीएक्स२ असलेला प्रोसेसर लागतो. सहाव्या पिढीच्या आय३ मध्ये ते आहे, पण त्याच पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये नाही. अल्मा दुसऱ्या पातळीसाठी वेगळी बांधणी देते. तुमच्या कामाला यांतले काहीच लागत नाही.

आमसोल | मंगळवार, दुपारी १२.४०

टायपिंग: आयबस (टायपिंगची पद्धत बदलणारी सेवा) आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजे. मग इनपुट मेथडमध्ये मराठी निवडून दोन पद्धती जोडा: इनस्क्रिप्ट२ आणि गमभन (इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची). मराठी संकेतस्थळांवर ज्यांना गमभनची सवय आहे त्यांना पहिल्या मिनिटापासून जमते. कोंकणी देवनागरीसाठी त्याच पद्धती चालतात.

पोर्तुगीज कपाटाकडे आत्ताच लक्ष द्या. त्या नावांतली सेदिल्ला लागलेली सी आणि तील लागलेला ए, ही अक्षरे टाळून साध्या अक्षरांत नोंद केली तर पुढे सगळी पुन्हा करावी लागते. कीबोर्डच्या पर्यायांत उजवा ऑल्ट कंपोज की म्हणून ठरवा. कंपोज, मग स्वल्पविराम, मग सी. कंपोज, मग तील, मग ए. नोंद करणाऱ्याला अर्ध्या तासात हात बसतो.

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट सीटीएल (गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीचा) या वेगळ्या रकान्यात ठरतो, पाश्चात्य फॉन्टच्या रकान्यात बदलून उपयोग नाही. मजकुराची भाषा मराठी अशी द्या, हिंदी नको. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मग ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

सुरंगी | मंगळवार, रात्री ८.५५

आतापर्यंत सगळे सॉफ्टवेअरवर बोलले. गोव्यात सर्व्हर मरतो तो बहुतेक विजेने आणि दमटपणाने, म्हणून हे सविस्तर लिहितो.

यूपीएस ६०० व्हीएचा चालेल, पण *यूएसबी पोर्ट असलेला* घ्या. पोर्ट नसलेला यूपीएस फक्त वेळ देतो, सर्व्हरला वीज गेल्याचे सांगत नाही. रात्री बॅटरी संपली की सर्व्हर धाडकन बंदच. आत १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. ६०-७० वॅटच्या टॉवरला ती नवी असताना पंधरा-वीस मिनिटे पुरते. उष्णतेने तिचे आयुष्य घटते, दोन-अडीच वर्षांनी बदलायचीच असे धरून चाला.

डेबियनवर नट हे यूपीएसवर नजर ठेवणारे पॅकेज घाला. नट-स्कॅनर चालवला की यूपीएस दिसतो. स्वस्त यूपीएसपैकी बरेच मेगाटेकची बोली बोलतात, त्यांना एनयूटी-डीआरव्ही-क्यूएक्स हा ड्रायव्हर लागतो. एपीसीच्या यूएसबीवाल्यांना यूएसबीहिड-यूपीएस. बॅटरी कमी झाल्याचा इशारा येईपर्यंत थांबू नका. जुनी बॅटरी चाळीस टक्के दाखवत असतानाच एकाएकी कोसळते. यूपीएस-शेड वापरून वीज गेल्यापासून १८० सेकंदांनी शटडाउन करा. नट नेटसर्व्हर पद्धतीत ठेवला तर बॅकअपचे फ्रीबीएसडी यंत्रही त्याच यूपीएसची खबर घेऊन आपणहून बंद होते. दोन्ही यंत्रे एकाच यूपीएसवर असतील तर तो १००० व्हीएचा घ्या.

इमारतीला इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच नॉर्मलवर आहे की यूपीएसवर ते बघा. नॉर्मलवर बदलायला जो क्षण जातो तो दिव्यापंख्यांना कळत नाही, संगणकाला कळतो.

अर्थिंग. आपली जमीन जांभ्याची, तिचा रोध मुळात जास्त आणि एप्रिल-मेमध्ये सुकली की आणखी वाढतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करा. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा.

विजांचे दिवस दोन: पावसाआधीचा मे आणि परतीचा ऑक्टोबर. वाचनालयाचे कार्यालय वेगळ्या इमारतीत असेल तर मधून तांब्याची लॅन केबल टाकू नका. जवळ वीज पडली की त्या तारेतून दोन्हीकडचे स्विच आणि नेटवर्क कार्डे जातात. फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर.

दमटपणा: जून ते सप्टेंबर यंत्रे बंद ठेवून खोलीला कुलूप लावू नका. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते, बंद यंत्राच्या रॅमच्या पट्ट्यांवर पापुद्रा धरतो. रॅम काढून टोके साध्या खोडरबराने पुसली की पुन्हा चालते. आणि डिस्क खराब झाली असे ठरवण्याआधी स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या साधनात १९९ क्रमांकाचा आकडा बघा, यूडीएमए सीआरसी. तो वाढत असेल तर दोष डिस्कचा नाही, साटा केबलच्या गंजलेल्या टोकांचा आहे. केबल बदला. तो आकडा मागे येत नाही, पण पुढे वाढायचा थांबायला हवा.

फेरीबोट | बुधवार, सकाळी ८.१०

सुरंगी यांनी फार महत्त्वाचे लिहिले. त्याला जोडून: एमडी रेड करताना राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिहिणे चालू होते याची नोंद) आहे ना ते तपासा. नसेल तर वीज गेल्यावर २ टीबीची पूर्ण जुळवणी पुन्हा होते, काही तास जातात. असेल तर काही मिनिटे.

ग्रंथपेटी | बुधवार, सकाळी ११.३०

राउटर म्हणून ओपनबीएसडी (बीएसडीचाच आणखी एक प्रकार) ठेवावे असेही एकाने सुचवले आहे. गरज आहे का?

फेरीबोट | बुधवार, दुपारी २.००

ओपनबीएसडीचा पीएफ फायरवॉल उत्तम आहे, २००१ पासून. नियम वाचायला इतके सोपे की खाजनाच्या मानशीसारखे (बांधातल्या पाण्याच्या दारासारखे) समजतात: कुठले पाणी आत, कुठले बाहेर, एका ओळीत. पण दोन गोष्टी आहेत. प्रत्येक आवृत्तीला साधारण वर्षभरच मदत असते, दर सहा महिन्यांनी नवी येते. सिसअपग्रेड सोपे आहे, तरी ते कुणीतरी नेमाने करायला हवे. आणि त्याच्या फाइल सिस्टीमला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नाही. वीज गेली की पुढच्या बूटला एफएससीके (फाइल सिस्टीमची तपासणी) होतो, आणि कधी तो थांबून माणसाला हो-नाही विचारतो. राउटर तिथेच अडला तर सगळे वाचनालय अडले. तुमच्याकडे रोज हजर माणूस नाही, म्हणून नको. कंपनीने दिलेल्या फायबरच्या राउटरमागे डेबियनवरच एनएफटेबल्स हा फायरवॉल पुरे. कोहाचे कर्मचाऱ्यांचे पान बाहेर उघडू नका, शोधयादी तेवढी उघडा.

कुळागर | बुधवार, रात्री ९.२०

एक राहिले, आणि मराठी ग्रंथालयात नेमके तेच चुकते. कोहाचा झेब्रा हा शोधयंत्राचा भाग मुळात लॅटिन अक्षरे धरून मांडलेला असतो. तसाच ठेवला तर पुस्तकाची नोंद होते, पडद्यावर नीट दिसते, पण देवनागरीत शोधल्यावर सापडत नाही किंवा भलतेच सापडते. झेब्राची मांडणी आयसीयूवर (युनिकोडच्या लिप्या ओळखणारी लायब्ररी) बदला, आणि सिस्टीम प्रेफरन्समधला आयसीयू अवतरणांचा पर्यायही चालू करा. मग कोहा-रीबिल्ड-झेब्रा पूर्ण पद्धतीने चालवा. हे पहिल्या पन्नास पुस्तकांवर तपासा: एक जोडाक्षराचे नाव, एक ऱ्या असलेले, एक अनुस्वाराचे, एक पोर्तुगीज.

जुनी यादी एक्सेलमध्ये श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदला. फॉन्ट बदलून ती देवनागरी होत नाही. आत रोमन चिन्हेच असतात. रूपांतर झाल्यावर पहिला ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे असलेल्या ओळी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच साचतात.

ग्रंथपेटी | गुरुवार, सकाळी १०.००

ठरले: सर्व्हर डेबियन, बॅकअप फ्रीबीएसडी, टेबलांवर मिंट, टॅलीला एक विंडोज. १००० व्हीएचा यूपीएस यूएसबीसह मागवत आहोत. एकच शेवटचे: नटने सर्व्हर बंद केला आणि वीज परत आली, तर तो आपोआप चालू कसा होईल? रविवारी तिथे कोणी नसते.

सुरंगी | गुरुवार, सकाळी १०.४५

बायोसमध्ये रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस असा पर्याय असतो, तो पॉवर ऑनवर ठेवा. पण एवढ्याने भागत नाही. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएस मात्र चालूच राहिला, तर वीज परत आल्याचे टॉवरला कळतच नाही, कारण त्याच्याकडे येणारा पुरवठा कधी तुटलाच नव्हता. म्हणून शटडाउनच्या अगदी शेवटी नटने यूपीएसलाही बंद व्हायला सांगितले पाहिजे. पॉवरडाउनफ्लॅगची ओळ यूपीएसमॉनच्या फाइलमध्ये आहे ना ते बघा. यूपीएस बंद व्हायचा विलंब ९० सेकंदांचा ठेवा, म्हणजे बॅकअपचे यंत्रही तोवर बंद झालेले असेल. सगळे जोडून झाल्यावर शनिवारी भिंतीवरचा प्लग खरोखर काढा, दोन्ही यंत्रे आणि यूपीएस बंद होईपर्यंत थांबा, पाच मिनिटांनी प्लग लावा, आणि कशालाही हात न लावता शोधयादीचे पान उघडते का ते बघा.